न पडणाऱ्या पावसाची हमी

फौस्तो वाक्लिन सरांना त्या सभेत तोंड उघडायचंच नव्हतं. ते गेले होते बायकोने पाठवलं म्हणून, आणि बायकोने पाठवलं होतं तिला निवांतपणे फरशी पुसायची होती म्हणून. लामुतानच्या बारांगाय ऑफिसात, म्हणजे आपल्याच वस्तीच्या कचेरीत, ते सर्वांत मागच्या बाकावर खिडकीशी बसले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि तेव्हा प्रत्येक सभेत पुढची खुर्ची त्यांची असायची. निवृत्तीनंतर खुर्ची हळूहळू मागे सरकत गेली. निवृत्त माणसाला लोक नमस्कार करतात, पण काही विचारत नाहीत. सरांचं दुखणं नेमकं हेच होतं.

सभेचा विषय होता मे महिन्यातली मिरवणूक. वस्तीतल्या पोरी राण्यांचे वेश करून निघतात, शेवटी चौघांनी धरलेल्या फुलांच्या कमानीखालून राणी एलेना चालत येते, मागे मेणबत्त्या, पुढे बँड. दरवर्षी ती महिन्याच्या शेवटच्या रविवारी निघते. यंदा राणी एलेना व्हायचा मान जेनलिनला मिळाला होता, आणि जेनलिन वीस तारखेला तैवानला चालली होती, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करायला, तीन वर्षांच्या करारावर. म्हणून वस्तीप्रमुख कपिताना बेलेन यांनी सुचवलं, की मिरवणूक एक आठवडा आधी, अठराच्या रविवारी घेऊ.

"अठराला?" जीपवाला डोमेंग उठून उभा राहिला. "कपिताना, मे महिन्यात दुपारी चारला आपल्या डोंगरात काय असतं?"

"पाऊस!" सगळी सभा एका सुरात म्हणाली.

"मग शेवटच्या रविवारी काय असतं?" कपितानांनी विचारलं.

"पाऊस!"

"मग फरक काय पडला?"

डोमेंगने जरा विचार केला. "तो नेहमीचा पाऊस असतो," तो म्हणाला. "त्याची सवय आहे. ही तारीख आपण मुद्दाम ओढून आणायची आणि नेमकी राणी भिजायची, तेही परदेशी निघालेली पोर? लोक काय म्हणतील?"

सकाळी काढा म्हणावं, तर फादरना रविवारी पाच चॅपलं सांभाळायची, त्यांना चारशिवाय सवड नाही. शिवाय मेणबत्त्या लावून उन्हात कोण चालतं? असं सगळीकडून अडलं. कपितानांनी वही मिटली. "मग दुसरी राणी निवडू. जेनलिनला सांगते मी समजावून."

जेनलिनची आई रुफिना सभेला आली नव्हती. मार्चमध्ये शेवाळलेल्या पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला होता, आणि डॉक्टरांनी कमरेपर्यंत घालावं लागेल अशा गंभीर चेहऱ्याने गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर घातलं होतं. ती सरांची अगदी शेजारीण, सगळ्या वस्तीची मनांग, म्हणजे ताई. जानेवारीपासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून तिच्या शिलाई मशीनचा आवाज यायचा. राणीचा झगा चालला होता. प्लास्टर घातल्यावर दोन दिवस आवाज थांबला, तिसऱ्या दिवशी एका पायाने पुन्हा सुरू झाला, जरा लंगडत.

तेवढ्यात एक आवाज आला. "अठराला पाऊस पडणार नाही."

आवाज कुणाचा म्हणून सरांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्यांच्याचकडे बघत होते.

"कशावरून, सर?" कपितानांनी विचारलं. विचारलं! दोन वर्षांत पहिल्यांदा!

"माझ्याकडे बावीस वर्षांच्या नोंदी आहेत," सर उभे राहून म्हणाले. "रोजच्या."

हे अगदी खरं होतं. परसात पत्र्याच्या डब्याचं पर्जन्यमापक होतं आणि कपाटात बावीस वह्या होत्या. फक्त त्या वह्यांप्रमाणे बावीसपैकी अकरा वर्षं अठरा मेला पाऊस पडला होता आणि अकरा वर्षं पडला नव्हता. सरांनी दुसऱ्या अकरांचा आधार घेतला. खोटं ते बोलले नाहीत. अर्धं बोलले. भूगोलाच्या शिक्षकाला तेही शोभत नाही, हे त्यांना घरी जाताना चढणीवर कळलं.

घरी तासिंग, म्हणजे त्यांची बायको, पुसलेल्या फरशीच्या काठाशी उभी होती.

"काय बोललास तू म्हणे सभेत?"

"मी फक्त माझं मत मांडलं."

"मत? खाली दुकानात तर सांगतायत की तू हमी दिलीस."

"इतक्यात? मी सभेतून सरळ घरी आलोय."

"तू चढणीने आलास. बातमी उतारावरून गेली," तासिंग म्हणाली. "आणि चपला काढ."

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या दारात माणसं यायला लागली. एकीला गोधड्या धुवायच्या होत्या. एकाला गच्चीचा स्लॅब टाकायचा होता. एका आजीबाईंची कोंबडी अंड्यावर बसली होती आणि पिल्लं बाहेर येतील त्या दिवशी ऊन असेल का, हे त्यांना हवं होतं. पहिले दोन दिवस सरांना बरं वाटलं, खोटं का बोला. ते चष्मा पुसायचे, आभाळाकडे बघायचे, "वायव्येकडून" असा एखादा शब्द वापरायचे. पण मे महिन्यातलं डोंगरातलं आभाळ म्हणजे काही वर्गातला फळा नव्हे. सकाळी सहाला इतकं स्वच्छ, की समोरच्या कड्यावरचे पाईन एकेक करून मोजावेत. अकराला पश्चिमेकडून ढगांचे ढीग चढायला लागतात. दीडला गडगडतं. दोनला कधी पाऊस, कधी गारा, कधी नुसतीच धमकी. त्या धमकीचं काय करायचं, हे कुठल्याच वहीत नाही.

मग सल्ले सुरू झाले. ज्याला कुणी काही विचारत नाही त्याला सल्लेही कुणी देत नाही. एकदा विचारायला लागले की दोन्ही सुरू होतं, हे सरांच्या लक्षात आलं. कुणी म्हणालं, मुंग्या अंडी घेऊन चढतायत का बघा. कुणी म्हणालं, चतुर किती उंच उडतायत ते बघा. मोबाईलवर बघावं तर एकाच चौकोनात सूर्य, ढग आणि वीज तिन्ही काढलेली. म्हणजे काहीही झालं तरी मोबाईल बरोबर. अशी सोय सरांना नव्हती. आणि कुणीतरी शोध लावला, की सरांचा उजवा गुडघा पावसाआधी दुखतो.

त्यानंतर रस्त्यात माणसं "कसे आहात, सर?" असं विचारेनाशी झाली. "गुडघा कसाय?" असं विचारायला लागली. गुडघा बरा आहे म्हटलं की चेहरे खुलायचे. ठणकतोय म्हटलं की दोरीवरचे कपडे आत जायचे. सरांना या वयात आपल्याच गुडघ्याचा हेवा वाटायला लागला.

सोमवारी कपितानांचा निरोप आला. मिरवणुकीची तारीख बदलायची तर खालच्या गावच्या नगरपालिकेतून परवानगी हवी आणि त्यासाठी सरांनीच यावं. सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. काउंटरपलीकडे रोमेल नावाचा कारकून होता. तो सरांकडे बघून एक ओळखीचं, पण फारसं प्रेमळ नसलेलं हसू हसला.

"सर, तुम्ही मला दहावीत नापास केलं होतंत."

"हो का?" सर म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं आणि आठवत नाही हे सांगायचं धैर्यही नव्हतं.

"हवामान आणि ऋतू, या धड्यावर." रोमेलने अर्ज पुढे सरकवला. "रकाना नऊ. हवामानाबद्दल सक्षम व्यक्तीचा दाखला जोडावा."

सरांनी हवामान खात्याचं पत्रक आणलं होतं. रोमेलने ते मोठ्याने वाचलं. "डोंगराळ भागात दुपारनंतर तुरळक ठिकाणी पाऊस. तुरळक म्हणजे लामुतान धरून की सोडून, सर?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"पण तुम्ही सांगितलंय. सगळीकडे पसरलंय." रोमेल मान खाली घालून लिहायला लागला. "मग तुमचंच प्रतिज्ञापत्र जोडा. वकिलाचा शिक्का मारून. सक्षम व्यक्ती तुम्हीच."

वकील समोरच्या इमारतीत, केस कापायच्या दुकानाच्या माडीवर बसायचे. त्यांनी टंकलेखन यंत्रात कागद घातला, बोटं उचलली आणि थांबले.

"मी, फौस्तो वाक्लिन, लिहून देतो की... काय लिहून देता?"

"की अठरा तारखेला चार वाजता पाऊस पडणार नाही," सर अगदी हळू म्हणाले. खाली कात्रीचा आवाज थांबल्यासारखा वाटला.

"ठीक. आणि लिहून घेणार कोण? प्रतिज्ञापत्र असो, करार असो, काही गडबड झाली तर जबाबदार कोण, ते लिहावं लागतं."

"गडबड झाली तर... आभाळ."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याचा पत्ता?"

शेवटी सगळी जबाबदारी सरांच्याच नावावर टाकून शिक्का बसला. लाल शिक्का. सरांनी आयुष्यात घर घेताना, लग्न करताना, पेन्शनच्या कागदांवर असे शिक्के पाहिले होते, पण एवढा लाल त्यांना कधी दिसला नव्हता. प्रतिज्ञापत्र त्यांनी रोमेलच्या काउंटरवर दिलं आणि परतीच्या जीपमध्ये बसले.

गुरुवारी सकाळी डोमेंगने फाटकाशी हॉर्न वाजवला. त्याने जीपला नवा रंग दिला होता. लाल जमीन, पिवळे पट्टे, बॉनेटवर उधळलेला पांढरा घोडा. रंग वाळायला त्याला एक दिवस कोरडा हवा होता.

"सर, आज कसं आहे?"

सर रात्रभर झोपले नव्हते. समोर सलाबात, म्हणजे आल्याचा काढा, निवत होता. त्यांना फक्त डोमेंग जायला हवा होता. "कोरडं आहे," ते म्हणाले. गुडघ्याला विचारलंसुद्धा नाही.

डोमेंगने जीपवरची ताडपत्री काढून टाकली.

एक वाजून वीस मिनिटांनी गारा आल्या. आधी पत्र्यावर एक, मग चार, मग कुणीतरी वरून खडीचा ट्रक उलटा केला. लिंबाएवढ्या गारा. दहा मिनिटं. सर टेबलाशी बसून दोन्ही कानांवर हात ठेवून होते, आवाजासाठी नव्हे, लाजेसाठी. थांबलं तेव्हा सगळं परस पांढरं झालं होतं आणि समोरच्या उतारावरच्या कोबीच्या वाफ्यांची चटणी झाली होती.

डोमेंग आला. आरडाओरडा करत आला असता तर सरांना सोपं गेलं असतं. तो टोपी हातात घेऊन आला. "सर, नुसतं बघायला चला."

बॉनेट खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं. घोड्याच्या तोंडावर, छातीवर, आयाळीवर, सगळीकडे.

"घोड्याला देवी आल्या, सर," डोमेंग म्हणाला.

"डोमेंग, मी... मला..."

"जीपचं सोडा. लोखंड आहे, ठोकून घेईन." डोमेंगने घोड्याच्या नाकावरची गार बोटाने उडवली. "मी रविवारचं विचारतोय. सभेत मी विरोध केला तो पावसाला केला, पोरीला नाही. मनांग रुफिनाने एका पायाने झगा शिवलाय. तुम्हाला खरंच ठाऊक आहे ना, सर?"

सर तिथून घरी गेलेच नाहीत, सरळ रुफिनाच्या दारात गेले. ठरवून गेले. खरं सांगायचं, माफी मागायची, सायंकाळच्या आत कपितानांना कळवायचं. जे होईल ते होईल.

रुफिना मशीनशी बसली होती, प्लास्टरचा पाय स्टुलावर. झगा समोर लाकडी सांगाड्यावर उभा होता. खळ दिलेलं पातळ, फिकट सोनेरी कापड, आणि त्यावर हाताने शिवलेली लहान लहान फुलं. किती, ते सरांनी मोजायला घेतलं आणि साठावर सोडून दिलं.

"या, सर. बसा. हात नका लावू हं, पाण्याचा हात लागला तरी मऊ पडतं ते."

"मनांग," सर म्हणाले. "रविवारबद्दल बोलायचं होतं."

"मला खाली उतरता येणार नाही, माहितीये," ती म्हणाली. "पण रस्ता या खिडकीखालूनच जातो ना. मी खुर्ची लावून बसणार. पाऊस असला की पोरी छत्रीत मान घालून पळत सुटतात, मग नुसत्या छत्र्याच दिसतात. तुम्ही पडणार नाही म्हणालात म्हणून जिवाला बरं वाटलं." तिने दाताने दोरा तोडला. "तीन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, सर. नाही का?"

"नाही," सर म्हणाले. "फार नाहीत."

माफी न मागताच ते घरी आले. जेवले नाहीत. तासिंगने ताट झाकून ठेवलं.

आता पुढचं सांगायला जरा संकोच वाटतो, कारण सर विज्ञानावर विश्वास असलेले गृहस्थ होते. वर्गात ते नेहमी सांगत, की संत क्लाराच्या मठात अंडी वाहून पाऊस थांबत नाही, थांबला असता तर कोंबड्यांनी जगाचं हवामान चालवलं असतं. पोरं हसायची. शनिवारी सकाळी हेच सर, "गुडघ्याला मलम आणायला शहरात जातो," असं तासिंगला सांगून बसमध्ये बसले, तेव्हा त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली डझनभर अंडी होती. तासिंगनेच ती घरच्या कोंबड्यांखालून जमवलेली, आणि आता कमी कशी झाली, याचं उत्तर ते परतीच्या वाटेवर शोधणार होते.

मठाच्या फाटकापाशी रांग होती. सर टोपी डोळ्यांवर ओढून शेवटी उभे राहिले. पुढे एक बाई दोन मोठे ट्रे घेऊन उभी होती. तिने मागे वळून पाहिलं. कपिताना बेलेन.

"सर!"

"कपिताना."

"मी... वस्तीच्या वतीने," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पुढे डोमेंग होता, अंड्यांची टोपली पोटाशी धरून. त्याच्या पुढे नगरपालिकेचा रोमेल. "माझी बायको लामुतानची आहे, सर," तो पुटपुटला. "तिने पाठवलं." आणि अगदी पुढे, जाळीच्या खिडकीशी, रुमालाने झाकलेली परडी आत देत एक ओळखीची पाठ होती. ती पाठ बहिणीकडे जाते म्हणून सरांच्याही आधीच्या बसने निघाली होती.

तासिंग वळली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मलम इथे मिळतं होय?" तासिंगने विचारलं.

"आणि तुझी बहीण मठात कधी दाखल झाली?"

"अंडी कमी कशी भरली म्हणून मी सकाळी कोंबडीला दोष दिला, फौस्तो. बिचारीला."

जाळीमागे एक वयस्कर नन होती. "तुम्हीही लामुतानचे का?" ती म्हणाली. "सकाळपासून लामुतानचीच अंडी येतायत. उद्या पाऊस नको, एवढंच ना?"

"एवढंच, सिस्टर," सर म्हणाले. मग राहवलं नाही. "याचा... उपयोग होतो का?"

"आम्ही मनापासून प्रार्थना करतो," ती म्हणाली. "आणि आम्लेटही मनापासून करतो. काही वाया जात नाही."

परतीच्या बसमध्ये पाचही जण एकाच बाकाच्या आसपास बसले आणि घाटभर कुणीही हवामानाचा विषय काढला नाही.

रविवार उजाडला तो स्वच्छ. सर पाचला उठून परसात. आठला आभाळ निळं. दहाला निळं. अकराला पश्चिमेच्या कड्यावर कापसाचा पहिला बोळा दिसला आणि सरांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. बाराला ढगांची भिंत. एकला पलीकडच्या दरीत गडगडलं. अडीचला समोरच्या उतारावर पाऊस कोसळायला लागला. दोन मैलांवर, डोळ्यांसमोर, राखाडी पडद्यासारखा. तासिंगने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. "श्वास घे," ती म्हणाली. "घेतलेला सोडही." पडदा हळूहळू दरीतून उत्तरेला सरकला आणि गेला. लामुतानवर थेंब नाही!

चार वाजता चॅपलच्या दारातून बँड वाजत निघाला. लोक सरांच्या पाठीवर थोपटत होते. रोमेल बायकोसह आला होता, त्याने हात मिळवला. कुणी गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही. एकेक राणी उतरली, आणि शेवटी कमानीखालून जेनलिन. सर रांगेच्या शेवटी मेणबत्ती धरून चालत होते आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

चार वाजून दहा मिनिटांनी धुकं आलं.

दुपारी पलीकडे पडलेल्या पावसाची वाफ. दरीतून ते वर आलं ते चुलीवरचं दूध उतू जावं तसं. आधी रस्त्याचा कठडा गेला, मग समोरची घरं, मग कमान, मग सरांच्या हातातल्या मेणबत्तीची ज्योत तेवढी राहिली, मेणबत्ती गेली. पाच मिनिटांत स्वतःचे बूट दिसेनात.

"सर," शेजारून डोमेंगचा आवाज आला, "हे तुमच्या कागदात होतं?"

"कागद पावसाचा आहे," सर म्हणाले, आणि म्हटल्या म्हटल्या त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढे बँड वळणावर चुकून कोबीच्या गोदामाकडे गेला होता. त्याचा आवाज कधी डावीकडून, कधी डोक्यावरून यायचा, आणि राण्या त्या आवाजामागे चारही दिशांना गेल्या. कपितानांचा कर्णा ओरडला, "सगळे आहात तिथेच थांबा!" त्यावर फादरांचा क्षीण आवाज आला, "पण मी आहे कुठे?" कुठेतरी ट्रॉम्बोन पायऱ्यांवरून गडगडत गेला. सरांना दिसत नव्हतं ते बरंच होतं. रस्त्याच्या एका बाजूला दरी होती, आणि आठ पोरी उंच टाचांच्या चपलांत होत्या.

एकतीस वर्षं सर याच रस्त्याने शाळेत गेले होते, त्यातली निम्मी धुक्यातून. चॅपलपासून वळणापर्यंत दोनशे दहा पावलं. तिथून डाव्या हाताला दगडी भिंत. त्यांनी मेणबत्ती विझवली, भिंतीवर हात ठेवला आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. मोठ्याने हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"मारिबेल!"

"हजर, सर!" उजवीकडून.

"तिथेच उभी राहा. डोमेंग, तिचा हात धर. ग्लेंडा!"

"हजर! पण एक चप्पल गेली, सर!"

"चपलेची हजेरी नंतर. शेरिल!"

"हजर!"

एकेक नाव, एकेक उत्तर. आवाजाच्या दिशेने ते पाऊल मोजत जायचे, हात पकडायचे, पुढच्या खांद्यावर ठेवायचे. राण्यांची आगगाडी झाली. तिला फादर जोडले गेले, दोन क्लॅरिनेट जोडले गेले. रोमेल, त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं तरी, मागून "हजर" म्हणाला.

"जेनलिन!"

उत्तर नाही.

"जेनलिन!"

ग्लेंडाने हुंदका दिला. सरांनी भिंत सोडली. तिसऱ्यांदा हाक मारताना त्यांचा आवाज सरांचा राहिला नाही, नुसता म्हाताऱ्या शेजाऱ्याचा झाला. "जेनू!"

"इथे," खालून बारीक आवाज आला. "सर, मी हलत नाहीये. हलले तर फाटेल."

ती रस्त्याखालच्या वाफ्यात होती. कमान चायोटे नावाच्या वेलभाजीच्या मांडवात अडकली होती, आणि ती धरणारे चौघे अजून इमानाने ती धरूनच उभे होते. डोमेंग खाली उतरला, सर उतरले, गुडघ्याचा विचारही न करता. वेली एकेक करून सोडवल्या. झगा धड होता. त्यावर धुक्याचे कण बसले होते, बारीक, साबुदाण्यासारखे, पण तो भिजला नव्हता.

"आता खालच्या रस्त्याने जाऊ," वरून कपिताना म्हणाल्या. "मिरवणूक पूर्ण व्हायला हवी."

"नाही," सर म्हणाले. "या धुक्यात खिडकीखालचा रस्ता मनांगला काय दिसणार? आपण मागच्या बोळाने जाऊ. थेट दारात."

"हा मार्ग परवानगीत नाही, सर," रोमेल म्हणाला. मग जरा थांबून तोच म्हणाला, "पण दिसतंय कुणाला?"

रुफिना खिडकीत बसली होती. तासभर तिने बँड जवळ येताना, लांब जाताना, भलतीकडून येताना ऐकला होता आणि एक माणूस पाहिला नव्हता. खिडकीच्या बाहेर नुसता पांढरा पडदा. त्या पडद्यातून पायांचा आवाज आला, खूप पायांचा, आणि व्हरांड्याची फळी वाजली.

"कोण आहे?"

"मी आहे, नानांग," जेनलिनने आईला हाक दिली आणि खिडकीसमोर, हाताच्या अंतरावर उभी राहिली.

रुफिनाने तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मुकुटापासून खाली, बाह्या, फुलं, घेर. मागे सगळी लामुतान धुक्यात ताटकळत होती.

"वळ," रुफिना म्हणाली. जेनलिन वळली. "अजून. थांब. हे काय? डाव्या बाजूला झालर खाली आलीये."

"नाही गं, नानांग."

"आलीये म्हणते ना. अशी जाणार होतीस सगळ्यांसमोर? सर, गणिताचे सर रजेवर असले की तुम्ही भूमितीही शिकवायचात. तुम्ही सांगा. उतरलीये की नाही?"

सर वाकले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. झालर पट्टी ठेवून आखावी तशी सरळ होती, डावीकडून उजवीकडे, एका धाग्याचाही फरक नव्हता. सरांनी मान वर केली. रुफिनाच्या हातात सुई आधीच होती, दोरा ओवलेली.

"उतरलीये," सर म्हणाले. "अर्धं बोट तरी."

"बघ! ये आत. स्टुलावर उभी राहा."

जेनलिन आत गेली आणि स्टुलावर उभी राहिली. रुफिनाने प्लास्टरचा पाय बाजूला सारला, झालर मांडीवर घेतली आणि टाके उसवायला सुरुवात केली. बाहेर व्हरांड्यात, पायऱ्यांवर, बोळात राण्या आणि क्लॅरिनेट आणि फादर उभे होते.

"घाई नाही, मनांग," धुक्यातून डोमेंग म्हणाला. "सावकाश होऊ दे."

रुफिनाने मान हलवली. तिने एक टाका घातला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, उसवला आणि पुन्हा घातला.